पिसांच्या उशीची परीक्षा

स्वारगेटहून धायरीला जाणाऱ्या बसमध्ये शेजारी बसलेल्या त्या गृहस्थांचं नाव मी विचारलंच नाही. डोक्यावर पांढरी टोपी आणि मांडीवर नवीकोरी पिसांची उशी. निजलेल्या बाळाला थोपटावं तसे ते तिला थोपटत होते.

"आईला झोप लागत न्हाई, तिच्यासाठी घेतलीया," ते म्हणाले. "नारायण पेठेतल्या दुकानदाराला म्हटलं, जरा डोकं टेकवून बघू का? तर म्हणतो, अहो, हे दुकान आहे, धर्मशाळा नाही!"

"मग आता बघा की टेकवून."

"माझा काय उपेग? मला दगडावरबी झोप लागती. तुम्ही बघा."

आग्रह मोडवेना, म्हणून उशी खिडकीशी लावून मी डोकं टेकलं, तो थेट शेवटच्या थांब्यावर कंडक्टरच्या हाकेनं जागा झालो. धक्क्यांनी उशी सरकू नये म्हणून गृहस्थांनी ती अजून दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"अहो, माझा थांबा गेला! उठवायचं तरी!"

"माझाबी गेला की मघाशी," ते तोंडभर हसले. "पर आज आई झोपणार बघा!"