इलित्सावरची इसाबेल आंटी

इसाबेल आंटीने झाग्रेब कधी पाहिलेलं नाही. पण त्या युरोपियन राजधानीतला ट्रामचा आणि दुकानांचा मोठा रस्ता, इलित्सा, तिला तोंडपाठ. इथे आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या कॉल सेंटरमध्ये इलित्सावरच्या एका हॉटेलचे फोन येतात, ते तीच घेते. आधी आम्ही सगळे स्पेलिंग वाचून बिनधास्त 'इलिका' म्हणायचो. एका गिऱ्हाइकाने हसत हसत सुधारलं.

आंटी वसईची. फोन ठेवताना "पोचलात की कळवा हं" हे इंग्रजीतून सांगणारच. आपल्याकडे हे कोण म्हणत नाही? पण ती गोरी माणसं खरंच कळवायला लागली! फोन दुप्पट झाले, लांबायलाही लागले. आमचा मॅनेजर तहसीनभाई वैतागला. "आंटी, एक और लाँग कॉल, और जॉब खलास." आंटीचा व्हिसा रिन्यूला आलेला, मुलगा इथे दहावीत. जॉब गेला की सगळंच गेलं.

जानेवारीत एका म्हातारीने अर्ध्या तासात हॉटेलवर पोचते म्हणून सांगितलं आणि मग काही पत्ताच नाही. शेवटी आंटीनेच फोन लावला. बाई रडत होती. ट्राममधून पार शेवटच्या स्टॉपला जाऊन उतरलेली, भोवती नुसता बर्फ. आंटीने तिला फोनवरूनच परतीच्या ट्राममध्ये चढवलं आणि ड्रायव्हरला फोन द्यायला सांगितलं. त्याला इंग्रजी कळेना. आंटीचा पारा चढला आणि तोंडातून निघून गेलं, "यल्ला हबीबी, यल्ला! हॉटेल! इलित्सा!"

अगं बाई, झाग्रेबच्या ड्रायव्हरला अरबीतून हबीबी, 'चल रे लाडक्या'! मी तोंडात ओढणी कोंबली. तेवढ्यात तहसीनभाई मागे येऊन उभा. "लाइन काटो." माझं हसू तिथेच आटलं.

"नहीं काटूंगी," आंटी मान न वळवता म्हणाली. "बूढ़ी औरत है. नौकरी लेनी है तो ले लो."

ड्रायव्हर मात्र भला माणूस, त्याने बाईला बरोबर हॉटेलच्या स्टॉपला उतरवलं. रिसेप्शनवरच्या मुलीचा आवाज ऐकल्यावरच आंटीने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या मालकाचा फोन. त्याच रस्त्यावरच्या आपल्या दुसऱ्या हॉटेलचे कॉलही तो आम्हालाच देणार होता, अट एकच: फोन याच बाईंनी घ्यायचे. अख्ख्या फ्लोअरने टाळ्या पिटल्या. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. तहसीनभाई एकदम लोण्यासारखा मऊ. "आंटी, आपका व्हिसा भी रिन्यू हो जाएगा, इन्शाल्ला."

आंटीने व्हिसाचा अर्ज आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

"इन्शाल्ला तो है ही, तहसीनभाई. साइन अभी करो."

आणि त्याने मुकाट्याने केली.