पाटावर कोरलेली लग्नपत्रिका

बडोद्याला मी काय शिकतो, हे कोल्हारात कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. त्यात मीही आलो. चित्रकलेची पदविका झाल्यावर मी मुद्राचित्रणात एम. ए. करायला गेलो होतो. म्हणजे लाकडावर नाहीतर जस्ताच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, शाई फासायची आणि कागदावर दाबून काढायचं. आमचे आबा साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे छापखाना. त्याला एम. ए. कशाला लागतंय?" मग मी कला, अभिव्यक्ती वगैरेंवर बराच वेळ बोललो. आबा मध्येच झोपले.

पहिलं वर्ष संपवून त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी घरी आलो, तो मानेपर्यंत केस, दाढी आणि खांद्याला शबनम अडकवून. आईनं दारातच विचारलं, "आजारी हुतास का रं?" साल दुष्काळाचं, आणि वैशाखात माझ्या बहिणीचं, राहीचं लग्न ठरलेलं. आबांनी निकाल देऊन टाकला.

"राहीच्या पत्रिका तूच छाप, गहिनीनाथ. चांगल्या निघाल्या तर जा माघारी बडोद्याला. न्हाई तर कारखान्यात टाइमकीपरची जागा हाय, मी बोलून ठिवलंय."

आमच्या वर्गात 'लग्नपत्रिका' हा शब्द शिवीसारखा वापरत. कोणाचं चित्र फारच गोड झालं की म्हणायचं, काय लग्नपत्रिका काढलीस! पण टाइमकीपर ऐकून माझी अभिव्यक्ती मुकाट कामाला लागली.

लाकूड म्हणून आईचा सागवानी पाट उलटा घेतला. कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, हा आमच्या विद्येचा पहिला धडा. म्हणून आबांचा दाढीचा आरसा पुढ्यात ठेवून मी अक्षर न् अक्षर उलटं कोरलं. बोटं सोलून निघाली, मान आखडली. शेवटी मजकुराच्या वर गणपतीचा मुखवटा राहिला होता. तो मात्र मी थेट पाटावर काढला, एका बैठकीत, भान हरपून. मग कुंकवासारखी लाल शाई लावली, कागद ठेवला आणि पळीच्या पाठीनं घासघासून पहिली पत्रिका काढली.

आबांनी ती उजेडात धरली. बराच वेळ बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

"हूं. छाप बाकीच्या."

पत्रिकांना हळदकुंकू लागलं, गावोगाव गेल्या, घोडेगावला व्याह्यांकडेही पोचल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी मुक्ताआत्या एसटीतून उतरली, ती पत्रिका हातात धरूनच.

"ह्यो गणपती तू काढला?"

"हो," मी केस मागे सारून कौतुकाची वाट बघत उभा राहिलो.

"मेल्या, सोंड उजवीकडं हाय ह्याची!"

मी डाव्या सोंडेचा काढला होता. छापताना तो उलटला होता, आणि अक्षरं सांभाळण्याच्या नादात देवाचा मला विसर पडला होता. नशीब, हात काढले नव्हते. नाहीतर देवानं सगळ्या पाहुण्यांना डाव्या हातानं आशीर्वाद दिला असता.

"उजव्या सोंडेचा लई कडक," आत्या म्हणाली. "त्याला बोलावून लगीन लावायचं, तर इतकीशी चूक चालायची न्हाई."

आई मटकन खाली बसली. राही रडायला लागली. सायकलवर घोडेगावला जाऊन सगळ्या पत्रिका परत आणतो, असं मी जाहीर केलं. आबा म्हणाले, "गप बस खाली."

नवऱ्या मुलाचे चुलते काकासाहेब भावकीतल्या प्रत्येक लग्नात रुसण्याबद्दल प्रसिद्ध होते. ऐन मुहूर्ताला ते जानवसघरात पाठ फिरवून बसत, आणि कबूल न केलेलं घड्याळ किंवा सायकल पदरात पडल्यावरच उठत. दुष्काळात आबा घड्याळ कुठून आणणार होते? मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो आणि मला स्वतःची टाइमकीपरची खुर्ची स्वच्छ दिसत होती.

काकासाहेब सगळ्यांच्या आधी आले. हात-पाय धुऊन, चपला मांडवाबाहेर काढून. पत्रिका बंडीच्या खिशात. आईला म्हणाले, "विहीणबाई, आमच्याकडनं काही चुकलं तर आत्ताच सांगा." जेवताना नवरदेवानं घड्याळाचा विषय नुसता काढला, तर काकासाहेबांनी त्याला कोपरानं ढोसलं.

"उजव्या सोंडेचा हाय. गप जेव."

राहीची पाठवणी झाल्यावर आबा रिकाम्या मांडवात पाट पुसत बसले होते.

"मला पहिल्याच पत्रिकेला दिसली हुती सोंड," ते म्हणाले.

"मग बोलला का नाही?"

"बोललो असतो तर तू समद्या फाडल्या असत्या. मग टाइमकीपर झाला असतास, अन् जन्मभर माझ्याशी धड बोलला नसतास." त्यांनी पाट माझ्यापुढे धरला. लाकडावर सोंड डावीकडेच होती, मी काढली तशी. "ह्यो मवाळ हाय. ह्यो आपल्या घरात ऱ्हाऊ दे. कडक तेवढा व्याह्यांकडं गेला." मग पाट भिंतीला टेकवून ठेवत त्यांनी विचारलं, "बडोद्याची गाडी कधी हाय?"

मला रडू आलं. दाढीमुळे ते कोणाला दिसलं नाही, असं मी धरून चाललो आहे.

पुढे मी एम. ए. झालो, हायस्कुलात चित्रकला शिकवली, नगरला अधूनमधून प्रदर्शनंही भरवली. लोक येतात, 'छान आहे' म्हणतात आणि पंख्याखाली जाऊन बसतात. माझं चित्र खिशात घालून, पाय धुऊन, चपला बाहेर काढून आले ते एकटे काकासाहेबच.