दोन वर, दोन खाली

पाहुणे आले की मी काम शोधते. हातात काम असलेल्या माणसाला लोक फार विचारत नाहीत, असा माझा अनुभव आहे. या उन्हाळ्यात किनवटची आत्या आठ दिवस शेतावरच्या घरी येणार म्हटल्यावर मी जरा मोठंच काम धरलं. कडुलिंबाखाली पडलेली जुनी बाज नव्याने विणायची.

या वेळी गरजही तशीच होती. हैदराबादची नोकरी मी चार महिन्यांत सोडून आले होते. दिवसभर अनोळखी लोकांशी फोनवर बोलायचं काम, आणि मी तर फाटक वाजलं की मागच्या दाराने गोठ्यात जाणारी. आईने मात्र आत्याला आधीच सांगून टाकलं होतं, "पोरगी आता घरूनच काम करते." निदान आठ दिवस हे निभावायचं होतं.

बाबांनी इचोड्याच्या बाजारातून नायलॉनची दोरी आणली. मी मोबाइलवर विणायची पद्धत दोनदा पाहिली. एक गोष्ट तेवढी लक्षात आली नाही. बाजेला माणसं दोन लागतात. एकाने दोरी सारायची, समोरच्याने ताणून परत सारायची.

चहाचा कप खाली ठेवून, पदर खोचून आत्याच समोर येऊन बसली.

"दोन वर, दोन खाली. मोजत जाय," ती म्हणाली. "अन् मले सांग, तू काम कवा करते? सकाळपासून पाहून राह्यली मी, कॉम्प्युटर काई दिसला नाई."

मी दचकले, आणि दोन वर, तीन खाली गेले. दहा-बारा ओळींनी आत्याला ते दिसलं. तिथपर्यंतचं सगळं उसवावं लागलं.

"काऊन गं, इंग्लिश शाळेत दोन कुठं संपते थे शिकवत नाई का?"

"बोलताना मोजणं चुकतं, आत्या."

हे खरंच होतं. दुपारी तिने साहेब कसा आहे ते विचारलं, मी पुन्हा चुकले. संध्याकाळी विचारलं, इतकी सुटी कशी देतात. तेव्हा मी मुद्दाम चुकले. आत्याला प्रश्न विचारण्याची जितकी हौस, त्याहून जास्त उसवण्याचा कंटाळा. दुसऱ्या दिवशी तिने बसल्या जागेवरून आईला हाक मारली, "वयनी, इच्यासंग कोनी बोलू नका. पोरगी दोनाचे तीन करते."

मग दोन दिवस कोणीच काही विचारलं नाही. कडुलिंबाचा मोहोर विणीत पडायचा, तो आम्ही फुंकून काढायचो. आत्या ओठांतल्या ओठांत मराठीत मोजायची, मी मनात इंग्रजीत. दोघींचे हात बरोबर पडायला लागले. पाऊण बाज झाली, आणि मला कोणी विचारत नाही याचंच कसंतरी वाटायला लागलं.

"आत्या, मी नोकरी सोडली," मी दोरीकडे पाहत म्हणाले. "फोनवर बोलायचं काम होतं. नाही जमलं."

आत्याचे हात चालूच होते.

"वयनी त म्हने, घरूनच काम करते."

"हे घरूनच आहे ना."

ती हसली नाही. बाबांची बहीण आहे, हसू दाबायला तिलाही जमतं. पण पुढच्या ओळीत तिच्या बाजूने दोरी तीन पदरांखालून आली.

"आत्या, तीन झाले."

तिने वाकून पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"आता मी नाई उसवत," ती हळूच म्हणाली. "वढ तू."

मी ओढलं.

जायच्या दिवशी तिने बॅग त्याच बाजेवर ठेवली. "माह्याकडं दोन बाजा ढिल्या पडल्या हायेत. ये तू. मी समोर बसीन, बोलनार नाई."

बाज आता अंगणात असते. आलेल्या पाहुण्याला आई उशाकडची वाकडी ओळ हमखास दाखवते. "आमच्या पोरीनं चुकवलं," म्हणते.

मी चहा आणायला आत जाते.