पटातली सोयरीक

बैलांच्या शर्यतींवरची बंदी उठून आमच्या गावचा शंकरपट पुन्हा भरला, तेव्हा कमिटीनं माइकवरून पटाचा इतिहास आणि महत्त्व सांगायचं काम मला दिलं. मी ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरी करतो, क्वार्टरमध्ये राहतो, गोंडपिपरीकडच्या आमच्या गावी सणासुदीला जातो. गावाच्या मते एवढी लायकी इतिहासाला पुरते.

मी प्रामाणिकपणे चौकशी केली. एक म्हातारा म्हणाला, पट गोंडराजांनी सुरू केला. दुसरा म्हणाला, त्याच्या आजोबांनी. शंकराचं नाव कुठून आलं, यावर दोघं भांडले. आमचं घर बौद्ध. छप्पन साली देव घराबाहेर गेले, पटाचे बैल गोठ्यातच राहिले. वडिलांना याबद्दल विचारलं की ते म्हणायचे, "बैलाले कोनता धरम असते बे?" शेवटी शेजारची म्हातारी म्हणाली, "इतिहास काय पुसतं बाबू, माह्या लग्नाची गोठ पटातच झाली."

हेच खरं असावं. धानाची मळणी उरकली की पट भरतो. घरोघरी पाहुणे उतरतात. दिवसा बैल पाहतात, रात्री नाटक पाहतात आणि मधल्या वेळात एकमेकांची पोरं-पोरी पाहतात. तसं म्हणत मात्र कोणी नाही. "पट पाह्यले आलो," एवढंच.

यंदा माझ्या पुतणीसाठी असेच पट पाहणारे आले. ती गडचिरोलीला नर्स आहे, मुलगाही तिथंच नोकरीला. दोघांचं आधीच जमलं होतं. घरात सगळ्यांना ते माहीत होतं, फक्त दोन्ही बापांना माहीत नाही असं सगळे धरून चालले होते. पण मुलाचा बाप नुसता आला नाही. टेम्पोत स्वतःची बैलजोडी घेऊन आला. चिठ्ठ्या निघाल्या आणि पहिल्याच फेरीत त्याची जोडी माझ्या भावाच्या जोडीसमोर आली.

भावानं बंदीच्या काळात एक जोडी म्हातारी होताना पाहिली आणि तरी दुसरी वाढवली. नांगरटीला ट्रॅक्टर, बैलांना सरकी-ढेप. मी त्याला बाजूला घेतलं.

"भाऊ, नाव काढून घे. सोयऱ्याले हरवून पोरगी देशीन काय?"

"काऊन काढू? पोरगी देऊन राह्यलो, जोडी नाई देऊन राह्यलो."

"अन् हारला त?"

"हारलो त कोनत्या तोंडानं पोरगी देऊ?"

म्हणजे जिंकलो तरी लग्न मोडणार आणि हरलो तरी. निदान मला तसं वाटलं. छकडा हाकणारा धुरकरी भावाचा जुना मित्र होता. मी त्याला गाठून हळूच म्हणालो, "भाऊ, कासरा जरा ओढून धरजा. थोडक्यात हारू. पाहुणे खूश राह्यतीन, भाऊले मी समजावतो."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हे बैलायले तू सांगतं का मी सांगू?" मग थुंकून म्हणाला, "पोरीसाठी म्हनतं म्हनून."

लगेच मी माइकवर गेलो आणि पट म्हणजे शेतकऱ्याच्या इमानाची कसोटी, असं बोललो. बोलताना आवाज कापला. लोकांना वाटलं भावना अनावर झाल्या. टाळ्या पडल्या.

झेंडी पडली. दाणीवर, म्हणजे बैल पळतात त्या लांब पट्टीवर, दोन्ही जोड्या झेपावल्या आणि अर्ध्यात पोचेपर्यंत दोन्ही मंदावल्या. आमचा धुरकरी मागे झुकून कासरा ओढत होता. पलीकडचाही तसाच झुकला होता. माना वाकड्या करून चारही बैल दुडक्या चालीनं निघाले.

"अबे, बाजाराले चालले काय?"

"वरात होय रे, वरात! डफडं आना!"

पाहुण्यांची जोडी तोंडभर पुढं पोचली. त्यांचा धुरकरी कासरा ओढण्यात तेवढा कमी पडला, इतकंच. खाली उतरून दोघं धुरकरी एकमेकांकडं बघून हसले. मुलगा मात्र मान वर करीना. मग समजलं, त्यानंही आपल्या धुरकऱ्याला तेच सांगितलं होतं.

संध्याकाळी दोन्ही बाप आमच्या अंगणात बसले.

"माह्या बैलाले आज काई झालं," भाऊ म्हणाला.

"माह्यालेही," पाहुणा म्हणाला. "जितलो म्हनाले लाज वाटते."

त्या दुःखात दोघं इतके जवळ आले की सोयरीक चहाआधीच पक्की झाली. अट एकच, तीही दोघांच्या तोंडून एकदम निघाली: दुसऱ्या गावच्या पटात ह्याच दोन जोड्या पुन्हा समोरासमोर पळतील, मगच लग्न.

पुतणी मला चहा द्यायला आली, ती कप हातात धरूनच उभी राहिली. "काका, धुरकऱ्याले तुमीच सांगतलं न?"

मी कपासाठी हात पुढं केला.

"बाबा सकाळपासून जेवले नाई. खरंच पळून हारले असते त रुसले असते चार दिवस. समजवाले मी त होती न इथी."

भावाला खरं सांगावं म्हणून मी गोठ्यात गेलो. तो बैलाच्या पायाशी बसून खुराला हळद-तेल चोळत होता.

"भाऊ, पाय बरा आहे त्याचा."

"तुले काय समजते बे, क्वार्टरवाल्या? इथीच दुखलं त्याले. मंग काऊन थांबला असता तो? धर इकडून, नीट धर."

मी बसलो आणि पाय धरला.