कळण्यावर दळलेलं उटणं

दळण बाहेर पडलं की ती चिमूटभर उचलायची, हात कानाजवळ न्यायची आणि अंगठ्याने बोटावर चोळायची. डोळे मिटून. इकडे चक्कीचा पट्टा फटफटतोय, बाहेर रिक्षावाले भोंगे मारताहेत, आणि ही बाई पिठाचं बोलणं ऐकतेय. मग डोळे उघडून म्हणायची, "आजून बोलस, भाऊ. फिरी टाक."

म्हणजे पीठ अजून खरखरतंय, पुन्हा दळ. "भाकरीनं पीठ बोलनं तरी चाली. तोंडले लागनारं पीठ मुकं जोयजे."

धुळ्यात माझी पिठाची चक्की आहे. आता पोरगा बघतो, पण गल्ल्यावर अजून मीच बसतो. मी तिसरीतून शाळा सोडली. शाळेने पुन्हा बोलावलं नाही, मीही गेलो नाही. तेव्हा लिहिताना कुठे काना-मात्रा चुकला तर तुम्ही नीट करून वाचा. मजकुरात मात्र चूक काढायला जाऊ नका. तो मी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. मी वयाने मोठा, तरी मीही अक्काच म्हणायचो. ती तोंड धुवायची पावडर करायची. उटणंच ते, पण दिवाळीपुरतं नाही, बारमाही. मसुराची डाळ, तांदूळ, संत्र्याच्या साली, आंबेहळद, नागरमोथा, गुलाबाच्या पाकळ्या. रसवाल्याकडून साली आणायची, हारवाल्याकडून उरलेला गुलाब आणायची. सगळं बाजेवर जुनं धोतर अंथरून सावलीत वाळवायची. आमच्या धुळ्याच्या उन्हात साल अर्ध्या दिवसात कडक होते, पण ती उन्हात टाकू द्यायची नाही. "वास ऊन खाई जास आनी चोथा आपले ऱ्हास," म्हणायची.

तिचं दळण शनिवारी, सगळ्यांच्या शेवटी. त्याआधी चक्की तांदळाने धुवायची, म्हणजे दोन-तीन मुठी तांदूळ दळून तो फेकून द्यायचा. मी एकदा म्हटलं, "अक्का, तांदूळ फुकट जातो." तर म्हणाली, "मंग तू खाय तो."

आणि कळण्यावर तर तिचं दळण कधीच टाकायचं नाही. कळणा म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद, वर खडेमीठ टाकून दळलेलं. खानदेशात ज्या घरी कळण्याची भाकरी होत नाही ते घर मी पाहिलेलं नाही. पण ते मीठ दगडाच्या टाक्यांत, म्हणजे छिन्नीने पाडलेल्या खाचांत, बसतं आणि पुढच्या दळणात उतरतं. पुढचं दळण बाजरीचं असलं तर कुणाला कळत नाही. तोंडाला लावायचं असलं तर कळतं.

कॉलेजातली एक पोर तिच्याकडे आली होती, माझ्यासमोर. "अक्का, यानं गोरी होईन का मी?"

अक्का काळी, चांगली तव्यासारखी. तिने पोरीची हनुवटी धरून तोंड स्वतःकडे फिरवलं. "मना तोंडकडे देख. इतला वरीस व्हयनात लाई राह्यनू. मी व्हयनू का गोरी? हाई धुवासाठे शे, माय. रंग बदलाना व्हई ते दुसरीकडे जाय."

पोर हसली आणि पुडी घेऊन गेली. गिऱ्हाईक तोडणं आणि गिऱ्हाईक बांधणं ती एकाच वाक्यात करायची.

नात्यातल्या प्रत्येक नवरीला अक्काचं उटणं जायचं. त्याचं ती काही घ्यायची नाही. हळदीला एका तांब्याच्या वाटीत ते कालवायचे आणि म्हाताऱ्या बाया वास घेऊन म्हणायच्या, "अक्कानं शे." एवढंच तिला पाहिजे असायचं. पोरबाळ नव्हतं तिला. नाव काय ते त्या वाटीत होतं.

आता धाकटीकडे येतो. धाकटी म्हणजे तिची धाकटी जाऊ. शिरपूरला राहते, ब्यूटी पार्लर चालवते. एका उन्हाळ्यात पाय मुरगळला म्हणून अक्काकडे येऊन राहिली. अक्काने तिला बाजेवर बसवलं, पायाला लेप लावला, आणि तिच्यासमोर साली निवडल्या. सगळं दाखवलं. कुणी विचारलं की अक्का दाखवायचीच, झाकून ठेवणं तिला ठाऊकच नव्हतं. धाकटी पाय बरा करून गेली, आणि थोड्याच दिवसांत शिरपुरात तिची पाकिटं निघाली. 'आजीच्या हातचं उटणं.' वर एका पांढऱ्या केसांच्या आजीचा फोटो. ती आजी कोणाची, हे धाकटीलाही सांगता आलं नसतं.

पाकीट बघून मी भडकलो. अक्का म्हणाली, "करू दे. पोटसाठे करस." त्या दिवशीपर्यंत तिच्या मनात काही नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे लोक म्हणाले की म्हातारी आधीपासूनच जळत होती.

मग चाळीसगावला तिच्या नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं. नेमकं तेव्हाच अक्काच्या नवऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. तिला जाता येईना. धाकटी धुळ्यावरूनच जाणार होती, म्हणून उटण्याचा डबा अक्काने तिच्या हाती दिला. डबा माझ्याच चक्कीवर भरला. मी स्वतः झाकण दाबून बसवलं.

तिथलं मला मागाहून कळलं. धाकटीने तो डबा उघडलाच नाही. तिने आपलं पाकीट फोडलं आणि हळदीच्या त्या वाटीत ओतलं. बायांनी वाहवा केली की सांगायचं, हे माझं आहे, पाकिटं बाहेर बॅगेत आहेत. असा बेत. आणि नवरीच्या भुवया तिनेच त्या दुपारी कोरल्या होत्या, गालावरची लव दोऱ्याने काढली होती. ताज्या सोललेल्या कातडीवर ते उटणं बसलं आणि पोरगी किंचाळली. तोंड लालबुंद. डोळे उघडेनात. नवरदेवाकडच्या बाया कुजबुजायला लागल्या की मुलीला काही कातडीचा रोग आहे काय.

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. ती म्हणाली, "अक्काने पाठवलंय. आता वय झालं त्यांचं. हाताखाली काय येतं, कळत नाही."

लग्न लागलं. पण वाटीत उरलेलं, वाळून कोरडं झालेलं उटणं नणंदेने कागदात बांधून धुळ्याला पाठवलं. सोबत निरोप: "तूच लाव तुझ्या तोंडाला."

अक्का ती पुडी घेऊन थेट चक्कीवर आली. मी म्हटलं, काय झालं? तिने पुडी सोडली आणि चिमूट जिभेवर ठेवली.

"मीठ शे यामा," ती म्हणाली. "आनी उडीद. कळनावर दळेल शे. हाई मनं नही शे, भाऊ."

तिथूनच तिने धाकटीला फोन लावला, आवाज मोठा करून. धाकटी पलीकडून गोड बोलली, "अक्का, वयात होतं असं. कुणी मनावर घेतलेलं नाही." अक्का म्हणाली, "मना डबा कोठे शे?" फोन बंद झाला.

मी दुसऱ्याच दिवशी एसटीने शिरपूर गाठलं. पार्लरच्या मागच्या गल्लीत चक्की होती आणि दारावर पाटी, 'कळणा, बेसन, उटणे दळून मिळेल.' एकच दगड, सगळं त्यावरच. पाहून परत आलो आणि नणंदेला फोन केला. ती म्हणाली, "तुम्ही चक्कीवाले, आमच्या घरात बोलू नका." बरं. नाही बोललो. पण विसरलोही नाही.

अक्काला मी म्हटलं, "चार माणसं घेऊन जाऊ. चांगली हजेरी घेऊ तिची."

"भांडनं नही माले. माले तिना तोंडथून ऐकनं शे. बठ्ठासमोर."

शिरपूरच्या बाजाराच्या दिवशी ती निघाली. पिशव्या माझ्या खांद्यावर. धाकटीच्या पार्लरच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, निंबाच्या झाडाखाली तिने धोतर अंथरलं. त्यावर डाळ, तांदूळ, साली, मोथा असे ढीग मांडले. आणि येणाऱ्याजाणाऱ्या बाईला हाक मारायला लागली. "ये माय, फुकट शिकाडस. तोंडनं उटणं. पाकीट कसाले लेवो?"

विकायला ती एक पुडीही घेऊन गेली नव्हती. नुसतं शिकवायचं. किती काय घ्यायचं, सावली कशी धरायची, मलमलीच्या फडक्यातून कसं गाळायचं. आणि प्रत्येकीला शेवटी एक गोष्ट मोठ्याने सांगायची, समोरच्या दारापर्यंत जाईल अशी: "आनी कळनावर दळू नका बरं! नवरीनं तोंड जळस!"

बाया हसायच्या, विचारायच्या, कोणाचं जळलं? अक्का म्हणायची, "समोर इचारा."

तिसऱ्या का चौथ्या बाजाराला धाकटी रस्ता ओलांडून आली. हातात चहाचा कप, तोंडावर हसू. "अक्का, घरात चला ना. लोक काय म्हणतील?"

"लोके काय म्हनतस तेच ऐकाले बठेल शे मी आठे."

"काय पाहिजे तुम्हाला?"

"काय दळं नि कशावर दळं, सांग. नणंदले फोन लाव आनी आठेच सांग."

धाकटीने कप खाली ठेवला आणि निघून गेली. चहा अक्काने प्यायला नाही. मी प्यायलो. चहाशी माझं वैर नव्हतं.

वर्षाच्या आत आजीचं पाकीट शिरपुरातून उठलं. जे घरोघर होतं ते विकत कोण घेणार? पण ती शिकवण बाजारातून पसरत धुळ्यालाही आली. डबे घेऊन अक्काकडे येणाऱ्या बाया घरीच करायला लागल्या. तिचा शनिवार आधी अर्धा झाला, मग मुठीवर आला. मी म्हटलं, "अक्का, स्वतःच्या पायावर कुऱ्हाड घातलीस."

"पाय मनाच शे," ती म्हणाली.

तिला माफ करायला सांगणारे पुष्कळ आले. किती दिवस धरून बसायचं, वगैरे. ही माणसं तेव्हा कुठे होती जेव्हा नवरीचं तोंड जळालं? मला तर ती दर बाजाराला त्या निंबाखाली बसलेली फार आवडायची. पाठ ताठ, पदर डोक्यावर, आणि नजर समोरच्या काचेच्या दारावर. पार्लरच्या गिऱ्हाइकांनी मागच्या दाराने जायला सुरुवात केली होती. पाकीट गेलं तरी अक्का गेली नाही. तिला पाकीट बुडवायचं नव्हतंच, ते वाटेत बुडालं.

पुढे तिची छाती भरली. दवाखान्यात मी भेटायला गेलो तर नाकात नळी, आणि पहिला प्रश्न, "बोलनी का ती?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग आखो एक बाजार जासूत," ती म्हणाली, आणि मला पिशव्या कुठे टांगल्यात ते सांगायला लागली. त्या बाजाराआधीच गेली.

दशक्रिया पांझरा नदीच्या काठी होती आणि लगेच घरी गंधमुक्तीचं, म्हणजे सुतक फिटल्याचं, जेवण. धाकटी आली होती. मोठ्याने रडत. चाळीसगावची नणंद आली, आणि ती नवरीही, कडेवर मूल घेऊन. मी मनात एक बेत करून गेलो होतो. कावळा शिवायला वेळ लागणार, हे नक्की. एवढी इच्छा राहिलेली बाई. मग सगळे हात जोडून विचारायला लागतील की काय राहिलं, आणि मी पुढे होऊन सांगेन काय राहिलं ते, धाकटीकडे बोट करून.

पिंड नीट ठेवलाही नव्हता तर कावळा आला आणि घास घेऊन गेला. सगळ्यांनी सुटल्याचा श्वास टाकला, धाकटीने सगळ्यात मोठा. मला अक्काचा राग आला. जन्मभर चिवट राहिली, आणि ऐन वेळी माझा डाव मोडला.

पण मी काही कावळा नाही. घरी आत पंगत बसली तेव्हा बाहेर ओट्यावर मी धाकटीला गाठलं. म्हटलं, "आता तर ती ऐकायलाही नाही. मला एकट्याला सांग. मीठ तुझ्या दळणात होतं, हे तुला माहीत होतं?"

ती पदराने डोळे पुसत होती. पदर खाली घेतला. डोळे कोरडे होते. "त्या रात्रीच कळलं होतं, आबा. मी पण चाखून पाहिलं होतं."

"मग?"

"मग काय? पार्लर बसलं असतं माझं. आणि अक्का अजून मोठ्या झाल्या असत्या. आधीच काय कमी मोठ्या होत्या?"

मागे दारात नवरी उभी होती. मूल कडेवरून खाली उतरवून तिने धाकटीचा दंड धरला. "मामी, आत चला. आईसमोर म्हणा हे." आणि पंगतीच्या मधोमध नेऊन उभी केली.

धाकटी बोलली. खाली मान घालून, पण बोलली. वाटीत माझं होतं. डबा मी उघडला नाही. मीठ माझ्या दळणात होतं. नणंदेचा हात भातात तसाच राहिला. वाढणारा पोरगा वरणाची बादली घेऊन थांबला होता, तो पुन्हा चालायला लागेपर्यंत सगळं सांगून झालंसुद्धा. एवढ्याशा वेळाचं काम. त्यासाठी अक्का किती बाजार रस्त्यावर बसली होती.

"मोठ्याने," मी म्हटलं. "टोकाला ऐकू गेलं नाही."

तिने पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

मी त्या दिवशी भात दोनदा मागून घेतला, आणि बुंदीही. शेजारचा म्हणाला, आबा, आता तरी सोडा, तिने कबूल केलं. मी म्हटलं, कबूल केलं ते आपल्याला. जिला ऐकायचं होतं तिच्या फोटोला हार होता आणि ताट भिंतीकडे मांडलेलं होतं. त्या ताटावर माशा बसत होत्या. धाकटी ओणवी होऊन त्या वारायला लागली, तेव्हा मी उठलो आणि तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं.