यशोधराचा पहिला नंबर

नवऱ्याला मी हे सांगितलं नाही. बहिणीला नाही, मुलींना नाही. ज्या मावशीच्या घरी राहून मी शिकले, तिला यातलं अर्धं माहीत होतं. उरलेलं अर्धं तिने कधी विचारलं नाही आणि ती गेली. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. वाचून झाल्यावर तुमचा चेहरा कसा होतो ते मला बघावं लागणार नाही.

कुठून सुरुवात करू? सरांपासून करते. सरांपासून केली की मला सोपं जातं.

एकसष्ट साली मी यवतमाळला कॉलेजात आले. आमचं गाव दारव्ह्याकडचं, वडिलांची कपाशीची आणि तुरीची शेती. गावातून पोरगी कॉलेजात धाडणारे ते पहिलेच, आणि त्यांना त्याचा फार ताठा होता. मावशीचे यजमान कचेरीत कारकून. त्यांच्याकडे माझी राहायची सोय झाली. वर्गात आम्ही मुली मोजक्याच. पुढच्या बाकावर, दाटीवाटीने.

मराठीला जे सर होते ते त्याच वर्षी पुण्याहून आलेले. शिकवायचे छान — हे मी आजही नाकारत नाही. पंधरवड्याला एक निबंध लिहून घ्यायचे. एकदा माझा द्यायचा राहिला. मी ताप येऊन पडले होते. सरांनी कारण विचारलं, मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, मले बरं नव्हतं."

सरांनी चष्मा काढून पुसला. "मले? भाजीचे मळे ऐकलेत मी. हे मले काय असतं?"

सगळा वर्ग हसला. वऱ्हाडातलीच पोरं, घरी आईशी मले-तुले बोलणारी — तीही हसली. सर तेवढ्यावर थांबले असते तर! त्यांनी मला उभं ठेवून 'मला' म्हणायला लावलं. पुन्हा. मोठ्याने. पुन्हा. त्या दिवसापासून कॉलेज संपेपर्यंत माझं नाव 'मळेवाली' पडलं. आज माझे केस पांढरे झालेत, पण ते चष्मा पुसणं आठवलं की माझ्या हाताची मूठ वळते. म्हणजे राग खरा होता, एवढं तरी मानाल ना?

मला खाली बसवून सरांनी यशोधराला उभं केलं. तिचा निबंध वाचायला सांगितला.

यशोधरा यवतमाळचीच. तिचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी-रुईच्या कामावर होते. छप्पन्न साली नागपूरला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली, घरातले देव काढले आणि पोरीचं नावही बदललं. त्यांच्या वस्तीतून कॉलेजात आलेली ती पहिली मुलगी. बाकावर ती माझ्याशेजारी बसायची. शेजारी म्हणजे — मधे माझी पुस्तकं असायची. ती मी ठेवायची. आवर्जून.

तिने निबंध वाचला. घंटेसारखा आवाज, एक शब्द इकडचा तिकडे नाही. ती हे कुठे शिकली असेल? पुढे तिनेच सांगितलं: वडील कामावरून आले की तिला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावायचे. स्वतःला वाचता येत नव्हतं, पण ती अडखळली की म्हणायचे, "पुन्हा वाच."

तास संपला. ती माझ्यावर हसली असती तर, खरं सांगते, मी विसरून गेले असते. ती हसली नाही. बाहेरच्या ओट्यावर माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "कुसुम, वाईट नको वाटून घेऊ. मी शिकवीन तुले. सोपं असते ते."

मी शिकवीन तुले. तिने! — आता तुम्हाला थोडं थोडं कळत असेल, सरांपासून सुरुवात करणं मला सोपं का जातं ते.

आणि मी शिकलेही तिच्याकडून. श्रावण-भादव्यात आम्ही दोघी मधल्या सुट्टीत लायब्ररीच्या व्हरांड्यात बसायचो. माझा निबंध ती वाचायची, पेन्सिलीने खुणा करायची. 'इथं वाक्य तुटलं बघ.' 'हे आपल्या घरचं बोलणं झालं, पुस्तकात असं लिहीत नाहीत.' कधी रागावली नाही, कधी उपकार दाखवला नाही. माझे मार्क वाढत गेले. एकदा सरांनी माझाही निबंध वर्गात वाचला, तेव्हा माझ्यापेक्षा तीच जास्त हरखली. मला मात्र तिचं ते हरखणं टोचलं. माझं यश हे तिने केलेलं आहे असं ती समजते की काय? समजत नव्हती. मीच तसं समजत होते, आणि त्याचा डूख मनात धरून होते.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, नाहीतर पुढे मी ती गाळून टाकीन. सर तिला वाचायला घरची पुस्तकं द्यायचे. ती परत करायला ती त्यांच्या बिऱ्हाडी जायची आणि प्रत्येक वेळी मला सोबत न्यायची. एकटीने गेलेलं बरं दिसत नाही, म्हणायची. सरांच्या पत्नी दार उघडायच्या, पुस्तक घ्यायच्या, दुसरं द्यायच्या. दोनदा आम्हाला चहा मिळाला. सर एकदा घरात होते, तेही अंगणात पोराला सायकल शिकवत. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणजे मला चुकून काही वाटलं, माझा गैरसमज झाला, असं मला म्हणता येत नाही.

दिवाळीच्या आधी टर्मची परीक्षा झाली. मी जीव तोडून अभ्यास केला. सुट्टीत गावी गेले तेव्हा वडिलांना सांगूनही आले की मराठीत या वेळी पहिली मीच. सुट्टी संपली, निकाल लागला. मी दुसरी. पहिली यशोधरा.

सर वर्गात म्हणाले, "मळ्यातही चांगलं पीक येतं म्हणायचं." पुन्हा हशा. यशोधराने बाकाखालून माझा हात दाबला. तिचा हात मी झटकला नाही. तसाच राहू दिला आणि मनात म्हटलं — थांब.

कोणाला म्हटलं? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की सरांना. सूड सरांवर घ्यायचा होता, ती बिचारी मधे आली. खोटं आहे ते. सरांचं मी काय बिघडवू शकणार होते? ज्याचं बिघडवता येईल, असं माणूस मी निवडलं होतं.

तुरीच्या शेंगांचे दिवस होते. दुपारच्या उन्हात मावशीच्या अंगणात आळीतल्या बाया शेंगा सोलायला बसायच्या. मावशीने विचारलं, परीक्षेत काय झालं. मी शेंगा सोलत, मान वर न करता म्हणाले, "पहिला नंबर त्यांच्यातल्या त्या पोरीचा आला. येईलच ना. सरांच्या घरी एकटीच जाते ती. पेपर तिले आधीच माहीत होता म्हणतात."

तिचं नावसुद्धा घेतलं नाही मी. आणि 'म्हणतात' हा शब्द — केवढा सोयीचा शब्द आहे! कोण म्हणतात? मीच म्हणत होते. बायांतल्या एकीने विचारलं, "एकटीच?" मी म्हटलं, "मले काय माहीत, बाई." त्या दिवशी ते 'मले' मला मुळीच खटकलं नाही.

मला काय वाटलं ते सांगू? गोड वाटलं. दुखऱ्या दाताला जीभ लावावी तसं ते वाक्य मी रात्रभर मनात घोळवत होते.

आठ-पंधरा दिवसांत बोलणं कॉलेजात पोचलं. माझं दोन-चार वाक्यांचं होतं, परत आलं तेव्हा त्याला हातपाय फुटले होते. प्रिन्सिपॉलांनी यशोधराला बोलावलं, आपल्या खोलीत बसवून नवा पेपर लिहायला लावला. आम्ही पोरी बाहेर उभ्या होतो. ती दोन तास लिहीत होती. तो पेपर आधीपेक्षा सरस निघाला असं प्रिन्सिपॉलच म्हणाले. पेपर फुटल्याचा आळ तिने पेपर लिहून धुतला. पण दुसरा आळ? तो कशाने धुवायचा असतो? त्याचा पेपर कोणी काढत नाही.

सरांनी वर्ष संपायच्या आत पुण्याला नोकरी बघितली आणि निघून गेले. तिकडे मोठ्या पदाला चढले म्हणे. सूड!

यशोधरा कॉलेजात येईनाशी झाली. आठवडाभर तिची जागा मोकळी होती, आणि मी माझी पुस्तकं मधे ठेवायचं विसरत नव्हते. मग एक दिवस तिचे वडील कॉलेजच्या फाटकाशी आले. कामावरून तसेच आलेले; भुवयांवर, मिशीवर रुईचे तंतू. मला म्हणाले, "बाई, जरा घरी येता का? एक विचारायचं हाये."

मी गेले. का गेले? बघायला गेले. तिला कुठवर लागलंय ते बघायला. लाज वाटते म्हणून हे गाळावं असं आत्ता लिहितानाही वाटलं.

घर सारवलेलं, स्वच्छ. भिंतीवर बुद्धाचं आणि बाबासाहेबांचं चित्र. यशोधराने पाण्याचा पेला आणून माझ्यापुढे ठेवला आणि आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. डोळे सुजलेले. माझ्याकडे तिने बघितलं ते — काय सांगू — सुटका झाल्यासारखं बघितलं. आता कुसुम आली. आता कुसुम सांगेल, की ती एकटी कधीच जात नव्हती.

तिचे वडील माझ्यासमोर खाली बसले. म्हणाले, "बाई, लोक काहीबाही बोलून राह्यले. माझी पोरगी म्हणते खोटं हाये. मी बाप हाये, मले ते खरंच वाटंल. म्हणून तुमाले विचारतो. तुमी मोठ्या घरच्या, तिच्या बाजूले बसता. तुमाले खोटं बोलून काय भेटणार? तुमी म्हणान ते मी मानीन. उद्यापासून पोरगी पुन्हा कॉलेजात धाडीन, कोणाच्या बापाले भेणार नाही."

इतकं सोपं होतं. 'मी सोबत असायची, बाबा' — एवढं एकच वाक्य. मावशीचं नाव येत नव्हतं, माझं नाव येत नव्हतं. मला कोणी काही विचारलंही नसतं. उद्या ती पुन्हा माझ्याशेजारी येऊन बसली असती. आणि मार्चमध्ये पुन्हा पहिली आली असती.

मी म्हणाले, "मी काय सांगू, बाबा? मी सोबत नसायची."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. यशोधरा आधी मुसमुसत होती, ती थांबली. मी उठले. पाणी तसंच पेल्यात होतं. मला तहान लागली होती, तरी मी ते प्यायले नाही — आणि ते का प्यायले नाही, ते तुम्हाला कळलंच असेल.

फाल्गुनात तिचं लग्न झालं, पांढरकवड्याकडच्या एका खेड्यात. मार्चच्या परीक्षेत मी मराठीत पहिली आले. वडिलांनी गावात पेढे वाटले. मी पोटभर खाल्ले. त्या पेढ्यांत काही कडू लागलं असं म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण तसं काही नव्हतं. गोड होते.

मी पुढे बी.ए. झाले, शाळेत मराठीची मास्तरीण झाले. सहा-सात वर्षांनी घाटंजीच्या स्टँडवर ती भेटली. आठवडी बाजाराचा दिवस, गर्दी. मी आधी ओळखलं नाही, तिने ओळखलं. वाळली होती, हाताला शेतातल्या कामाचे घट्टे. तिची गाडी लागलेली होती, तरी ती चढायच्या आधी माझ्याजवळ आली.

"शिकवतेस का तू?" तिने विचारलं. तेच शुद्ध मराठी, तसंच घंटेसारखं.

"हो."

"काय?"

"मराठी."

"बरं झालं," ती म्हणाली. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग असता तर मला झेपला असता. मग ती बोलली ते मात्र घरच्या बोलीत बोलली. "आमचा बा मागच्या साली गेला. शेवटपर्यंत म्हणे, ती पोरगी कायले खोटं बोलंल? तूच बोलली असशील, यशोधरा."

एवढं बोलून ती गाडीत चढली, खिडकीशी बसली. कंडक्टर अजून खाली उभा राहून पान खात होता. ड्रायव्हर आलाच नव्हता. गाडी सुटायला वेळ होता, भरपूर वेळ होता. खिडकी माझ्या हाताच्या अंतरावर होती.

मी बोलले नाही.