पीचच्या झाडाचं पाणी

तांब्यामावशींच्या दारात गेलेल्या माणसाला नाव विचारण्याआधी पाणी मिळायचं. गॅसवाला असो, मीटर बघायला आलेला असो, की पत्ता चुकलेला कुणी असो, मावशी तांब्या घेऊन उंबऱ्यात हजर. ‘‘आदी पानी प्या, मग बोला,’’ हे त्यांचं पहिलं वाक्य. एकदा गाडी लावण्यावरून भांडायला आलेले एक गृहस्थ त्यांच्याकडे दोन पेले पाणी पिऊन, ‘‘बराय मावशी, येतो,’’ म्हणत निघून गेले. आपण कशासाठी आलो होतो हे त्यांना बहुधा चौकात पोचल्यावर आठवलं असेल. गल्लीतल्या पोरांनी ‘तांब्यामावशी’ हे नाव ठेवलं, आणि त्यांचं खरं नाव सगळेच विसरले.

जुळे सोलापुरात आमची घरं शेजारी-शेजारी, मध्ये छातीइतकी भिंत. मी शाळेत शिकवते, म्हणून मी ‘बाई’. मावशी आणि त्यांचे यजमान तात्या सांगोल्याकडचे, मेंढपाळाच्या घरातले. तात्यांनी एका डाळिंबाच्या बागेची राखण आणि मशागत करण्यात आयुष्य घालवलं. गुडघे बोलायला लागले तेव्हा पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने बांधलेल्या या घरात दोघं राहायला आले. आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी येतं, तेही त्याच्या लहरीने. आम्ही बाकीच्या बायका पाहुणा आला की मनातल्या मनात पिंप चाचपतो. मावशींनी कधी हात आखडला नाही. मी एकदा कारण विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘दुस्काळात माज्या बाची मेंढरं गेली, बाई. मी ल्हान हुते. मेंढरू तहानेनं वरडत न्हाय बगा. नुसतं आपल्याकडं बगत ऱ्हातंय.’’

अशी ही जन्मभर दुसऱ्याला पाणी देणारी बाई. तिला पाणी देणारं एकच कुणीतरी भेटलं होतं, तेही हिमालयात. गल्लीतल्या मंडळींबरोबर बसने उत्तरेकडची देवस्थानं करायला गेलेल्या मावशी एका चढावर घसा कोरडा पडून खाली बसल्या होत्या. शेजारच्या अंगणातून एका डोंगरी बाईने, एका शब्दाची ओळख नसताना, झाडाचं फळ तोडून त्यांच्या हातावर ठेवलं. ते पीच. रस कोपरापर्यंत ओघळला म्हणे. ‘‘तिची भाषा मला न्हाय, माजी तिला न्हाय. पर तिला कळलं की, हिचा जीव सुकलाय,’’ असं सांगताना मावशींचा आवाज दर वेळी ओला व्हायचा. आम्ही ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की सोलापुरातल्या उकाड्यात आमच्याही कोपरावरून रस ओघळायचा.

तात्या फार बोलणारे नव्हते. त्यांनी काय केलं, तर नर्सरीवाल्याच्या मागे लागून कमी थंडीत येणारं पीचचं कलम मागवलं आणि आमच्या भिंतीलगत लावलं. मावशींना परत त्या डोंगरावर नेणं गुडघ्यांना झेपणार नव्हतं, म्हणून डोंगरच अंगणात आणायचा घाट. आम्ही त्यांची भरपूर थट्टा केली. ‘‘तात्या, सोलापुरात बर्फ पडला की येतील फळं!’’ तात्यांकडे उत्तर तयार होतं. डाळिंबाचा बहार धरताना झाडाचं पाणी तोडतात. झाड सुकतं, पानं टाकतं, मग पाणी सोडलं की फुलांनी भरून जातं. ‘‘पीचला बी तेच लागू पडंल. पानी तोडलं की त्याला वाटंल, हिवाळा आला. मंग फुलंल की!’’ दिवाळी झाली आणि तात्यांनी झाडाचं पाणी बंद केलं.

मावशी खवळल्या. ‘‘फळ पायजे म्हून झाड कोरडं ठिवायचं? मला न्हाय पायजे तुमचं फळ!’’

‘‘अगं, तुज्यासाटीच चाललंय हे. तुला एकदा ते फळ खायला घालायचंय मला.’’

भिंतीपलीकडून मी हे सगळं ऐकत होते. शेवटी तात्यांनी त्यांना शपथ घ्यायला लावली, की त्या झाडाकडे तांब्या न्यायचा नाही. ‘‘तुमच्या गळ्याशपत, न्हाय नेनार तांब्या,’’ असं म्हणून मावशी पाय आपटत आत गेल्या.

त्या वर्षी झाडाने पानं टाकली नाहीत. पुढच्या वर्षी तात्यांनी हाताने पानं ओरबाडली, तर आठवड्यात पोपटी पालवी फुटली. माती वरून फुफाट्यासारखी आणि झाड मात्र टवटवीत. तात्या चक्रावले. आयुष्यभर डाळिंबाला नाचवणारा माणूस या एका झाडापुढे हात टेकून बसला. मावशी शेजारीच असायच्या. झाडाखाली कोपरा उडालेला शहाबादी फरशीचा एक तुकडा होता, त्यावर बसून त्या रोज सकाळी तांदूळ निवडायच्या, धुवायच्या आणि तात्यांची समजूत काढायच्या, ‘‘हितली हवाच गरम, त्याला तुमी काय करनार?’’

मग मावशींची किडनी बिघडली. पाय सुजले, दम लागायला लागला. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलं. ज्या बाईने कधी कुणाचं पाणी मोजलं नाही, तिचं पाणी तात्या वाटीने मोजून द्यायला लागले. तांब्या वरच्या फळीवर गेला. आल्या-गेल्याला मावशी तरीही बसल्या जागेवरून हाक मारायच्याच, ‘‘आवं, त्यास्नी पानी द्या की आदी.’’ आलेला माणूस त्यांच्यासमोर पेला तोंडाला लावायला लाजायचा.

एका दुपारी मी तिथेच होते. मावशी म्हणाल्या, ‘‘घोटभर द्या की वो.’’

तात्या म्हणाले, ‘‘न्हाय. डाक्टर न्हाय म्हनलाय.’’

मावशींनी पुन्हा मागितलं नाही. त्या नुसत्या तात्यांकडे बघत राहिल्या. तात्या उठून बाहेर आले, भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखे रडले. मलाही रडू आवरलं नाही. तरी रोज सकाळी मावशी तांदळाचं पातेलं घेऊन, भिंत धरत धरत त्या फरशीपर्यंत जायच्याच. होळीच्या सुमाराला त्या गेल्या.

पुढच्या दिवाळीनंतर तात्यांनी सवयीने झाडाचं पाणी तोडलं. आणि पहिल्यांदाच पानं आपली आपण पिवळी पडून गळली. झाड पार काटकुळं झालं. तात्यांनी मला भिंतीवरून हाक मारून दाखवलं. मग आळं करायला त्यांनी ती शहाबादी फरशी उचलली.

फरशीखाली, उडालेल्या कोपऱ्याच्या बरोबर खाली, एक मडकं होतं, गळ्यापर्यंत पुरलेलं. कच्च्या भाजणीचं, आतलं पाणी मुळांना हळूहळू पाझरत राहील असं. तात्यांनी आत हात घातला. मडकं कोरडं ठणठणीत होतं. हात बाहेर आला तेव्हा बोटांना तांदळाच्या धुवणाची पांढरी खपली लागली होती.

‘‘बगा बाई,’’ तात्या बोटं माझ्यासमोर धरून म्हणाले, ‘‘तांब्या न्हाय न्हेला तिनं. शपत मोडली न्हाय.’’ ते हसायला गेले, पण ते काही त्यांना जमलं नाही.

पाणी सोडल्यावर झाड फुललं. पानाआधी फुलं, गुलाबी. सगळी गल्ली फोटो काढून गेली. उन्हाळ्यात लिंबाएवढी फळं धरली, थोडी आंबट, पण रसाळ. तात्यांनी ती घरोघर वाटली. स्वतः एकही तोंडात घातलं नाही. त्यांच्या वाट्याचं फळ मावशींच्या फोटोपुढे सुकून गेलं.

आता पुन्हा डिसेंबर आहे. झाड हिरवंगार आहे, एक पान गळलेलं नाही. काल सकाळी भिंतीवरून पाहिलं तर तात्या वाकून, गुडघा धरून मडक्यात तांब्या ओतत होते.

मी म्हटलं, ‘‘तात्या, अहो, पाणी तोडायचं ना आता? नाहीतर फळं कशी येणार?’’

‘‘न्हाय, बाई,’’ वर न बघता ते म्हणाले, ‘‘एकीचं तोडलं, तेवढं बास झालं.’’